जटिल आयनांतील धातूचा ऑक्सिडीकरण अंक

जटिल आयनातील धातूचा ऑक्सिडीकरण अंक म्हणजे मध्यवर्ती धातूला जोडलेले सर्व लिगंड आपापल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांसह वेगळे केले आहेत असे मानल्यास त्या धातूच्या अणूवर उरणारा विद्युत् प्रभार होय. यालाच ऑक्सिडीकरण अवस्था असेही म्हणतात. हा अंक आणि संपूर्ण जटिल आयनावरील प्रभार या दोन भिन्न राशी आहेत. त्यांचे मूल्य काही वेळा सारखे असते, परंतु बहुतेक वेळा ते वेगळे असते. लिगंडांचे प्रभार आणि आयनाचा एकूण प्रभार ज्ञात असल्यास धातूचा ऑक्सिडीकरण अंक साध्या बेरीज-वजाबाकीने काढता येतो. संयुगाचे नामकरण, त्याचे चुंबकीय गुणधर्म, रंग आणि रासायनिक वर्तन समजून घेण्यासाठी हा अंक आवश्यक असतो.

जटिल आयनाची रचना

जटिल संयुगात (समन्वय संयुगात) एका मध्यवर्ती धातूच्या अणूभोवती किंवा आयनाभोवती ठरावीक संख्येने रेणू अथवा आयन जोडलेले असतात. त्यांना लिगंड म्हणतात. प्रत्येक लिगंड धातूला इलेक्ट्रॉनांची एक किंवा अधिक जोडपी देऊ करतो. धातू आणि त्याचे लिगंड सूत्र लिहिताना चौकटी कंसात दाखवले जातात. कंसाबाहेर असलेल्या आयनांना प्रतिआयन म्हणतात. प्रतिआयन धातूला थेट जोडलेले नसतात आणि संयुग पाण्यात विरघळल्यावर ते सुटे होतात.

कंसाच्या वर उजवीकडे लिहिलेला प्रभार कंसातील संपूर्ण समूहाचा असतो, एकट्या धातूचा नव्हे. हा भेद लिखाणातही पाळला जातो. आयनाचा प्रभार लिहिताना आधी अंक आणि नंतर चिन्ह येते, उदाहरणार्थ ३+ किंवा ४−. ऑक्सिडीकरण अंक लिहिताना आधी चिन्ह आणि नंतर अंक येतो, उदाहरणार्थ +३ किंवा −१.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची अनेक रंगीत संयुगे एकोणिसाव्या शतकात ज्ञात होती. कोबाल्टच्या एका अणूमागे क्लोरीनचे तीन अणू हे प्रमाण त्यांपैकी अनेकांत समान होते, पण अमोनियाच्या रेणूंची संख्या सहा, पाच किंवा चार अशी वेगवेगळी होती. कोबाल्टची संयुजा तीन क्लोरीन अणूंनी पूर्ण होत असताना अमोनियाचे रेणू कशाने बांधले जातात, हा त्या काळी न सुटलेला प्रश्न होता.

स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मांडले. त्यांच्या मते धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात. प्राथमिक संयुजा धातूचा प्रभार दर्शवते, तर दुय्यम संयुजा धातूला थेट जोडलेल्या समूहांची संख्या दर्शवते. आजच्या परिभाषेत पहिलीला ऑक्सिडीकरण अंक आणि दुसरीला समन्वय अंक म्हणतात. या कार्याबद्दल वेर्नर यांना १९१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मांडणीला विद्रावांच्या विद्युत् संवाहकतेच्या मापनाने आणि सिल्व्हर नायट्रेटच्या परीक्षेने आधार मिळाला. कंसाबाहेरील क्लोराइड आयन सिल्व्हर नायट्रेटसह पांढरा अवक्षेप देतात. धातूला जोडलेले क्लोराइड त्याच परिस्थितीत तसा अवक्षेप देत नाहीत. निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते.

• सहा अमोनिया असलेले पिवळसर नारिंगी संयुग: तिन्ही क्लोराइड अवक्षेपित होतात. जटिल आयनात फक्त सहा अमोनिया असून त्याचा प्रभार ३+ आहे.
• पाच अमोनिया असलेले जांभळट लाल संयुग: दोन क्लोराइड अवक्षेपित होतात. एक क्लोराइड कोबाल्टला जोडलेला असून आयनाचा प्रभार २+ आहे.
• चार अमोनिया असलेले संयुग: एकच क्लोराइड अवक्षेपित होतो. दोन क्लोराइड कोबाल्टला जोडलेले असून आयनाचा प्रभार १+ आहे. याची हिरवी आणि जांभळी अशी दोन रूपे आहेत.

जटिल आयनाचा प्रभार ३+, २+ आणि १+ असा बदलत गेला, तरी या सर्व संयुगांत कोबाल्टचा ऑक्सिडीकरण अंक +३ हाच राहतो. कंसाबाहेरचा क्लोराइड कंसात येऊन धातूला जोडला गेला, की तो आपला ऋण प्रभार बरोबर आणतो. त्यामुळे आयनाचा प्रभार एकाने घटतो, मात्र धातूच्या इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात फरक पडत नाही.

मूलभूत नियम

गणनेचा आधार असलेला नियम असा आहे:

धातूचा ऑक्सिडीकरण अंक + सर्व लिगंडांच्या प्रभारांची बेरीज = जटिल आयनाचा प्रभार

जटिल समूह उदासीन असेल, तर उजवी बाजू शून्य असते. एकाच आयनात एकाच धातूचे दोन समान अणू असतील, तर पहिल्या पदाला दोनने गुणावे लागते.

लिगंडांचे प्रभार

लिगंड धातूपासून आपल्या इलेक्ट्रॉन-जोडीसह वेगळा झाला, तर त्याच्यावर जो प्रभार राहील तो गणनेत धरला जातो. नेहमी आढळणाऱ्या लिगंडांचे प्रभार असे आहेत.

• उदासीन (०): अमोनिया, पाणी, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीनडायअमाइन, पिरिडीन, ट्रायफेनिलफॉस्फीन
• एक ऋण (१−): फ्लुओराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सायनाइड, हायड्रॉक्साइड, नायट्राइट, थायोसायनेट, हायड्राइड
• दोन ऋण (२−): ऑक्साइड, कार्बोनेट, सल्फेट, ऑक्झॅलेट
• चार ऋण (४−): सर्व आम्लधर्मी प्रोटॉन गमावलेला ईडीटीए

लिगंड धातूला किती ठिकाणी जोडला जातो याचा त्याच्या प्रभाराशी संबंध नसतो. ऑक्झॅलेट दोन ठिकाणी जोडला जातो, तरी त्याचा २− हा प्रभार एकदाच मोजायचा असतो. एथिलीनडायअमाइनही दोन ठिकाणी जोडला जातो, पण त्याचा प्रभार शून्यच असतो.

गणनेची पद्धत

१. संपूर्ण संयुग दिले असल्यास प्रतिआयन ओळखावेत आणि त्यांच्या एकूण प्रभारावरून जटिल आयनाचा प्रभार ठरवावा. संयुग उदासीन असल्याने जटिल आयनाचा प्रभार प्रतिआयनांच्या एकूण प्रभाराइतकाच, पण विरुद्ध चिन्हाचा असतो.
२. कंसातील प्रत्येक लिगंडाचा प्रकार आणि त्यांची संख्या नोंदवावी.
३. प्रत्येक लिगंडाचा प्रभार त्याच्या संख्येने गुणून सर्वांची बेरीज करावी.
४. धातूचा ऑक्सिडीकरण अंक क्ष मानून मूलभूत नियमाप्रमाणे समीकरण मांडावे व सोडवावे.
५. मिळालेले उत्तर त्या धातूच्या ज्ञात ऑक्सिडीकरण अवस्थांशी ताडून पाहावे. अपूर्णांक किंवा अनपेक्षित मोठा अंक आल्यास लिगंडाचा प्रभार बरोबर धरला आहे का, हे पुन्हा तपासावे.

सोडवलेली उदाहरणे

उदासीन लिगंड असलेला धन आयन
टॉलेन्स अभिकारकात चांदीचा एक अणू आणि अमोनियाचे दोन रेणू मिळून झालेला आयन असतो. त्याचा प्रभार १+ आहे. अमोनिया उदासीन असल्याने क्ष + २(०) = +१, म्हणून क्ष = +१. सर्व लिगंड उदासीन असतात तेव्हा आयनाचा प्रभार आणि धातूचा ऑक्सिडीकरण अंक यांचे मूल्य सारखे येते. अल्डिहाइडशी अभिक्रिया होऊन चांदीचा आरसा तयार होताना हा अंक +१ वरून ० होतो.

ऋण लिगंड असलेले ऋण आयन
पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये चार पोटॅशियम आयन, लोहाचा एक अणू आणि सहा सायनाइड असतात. पोटॅशियम आयनांचा एकूण प्रभार ४+ असल्याने जटिल आयनाचा प्रभार ४− आहे. म्हणून क्ष + ६(−१) = −४, आणि क्ष = +२.

पोटॅशियम फेरीसायनाइडमध्ये तीनच पोटॅशियम आयन असतात, त्यामुळे जटिल आयनाचा प्रभार ३− आहे. येथे क्ष + ६(−१) = −३, म्हणून क्ष = +३. दोन्ही आयनांत धातू, लिगंड आणि लिगंडांची संख्या सारखीच आहे. त्यांच्यात फरक आहे तो एका इलेक्ट्रॉनचा, आणि तो प्रतिआयनांच्या संख्येवरून उघड होतो. आयन ऋण असला तरी धातूचा ऑक्सिडीकरण अंक धन असू शकतो, हेही या उदाहरणांवरून दिसते.

बहुदंती लिगंड
लोहाला तीन ऑक्झॅलेट जोडलेल्या आयनाचा प्रभार ३− आहे. क्ष + ३(−२) = −३, म्हणून क्ष = +३. येथे समन्वय अंक सहा आहे, पण प्रभार मोजताना तीनच लिगंड धरले जातात. कोबाल्ट आणि एक ईडीटीए यांच्या १− प्रभाराच्या आयनात क्ष + (−४) = −१, म्हणून क्ष = +३.

शून्य आणि ऋण ऑक्सिडीकरण अंक
निकेल टेट्राकार्बोनिल हे उदासीन संयुग आहे आणि त्यातील चारही लिगंड उदासीन आहेत, म्हणून निकेलचा ऑक्सिडीकरण अंक ० आहे. टेट्राकार्बोनिलफेरेट आयनाचा प्रभार २− आहे. क्ष + ४(०) = −२, म्हणून लोहाचा ऑक्सिडीकरण अंक −२ आहे. कार्बन मोनॉक्साइड धातूकडील इलेक्ट्रॉनघनता काही प्रमाणात स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे अशा इलेक्ट्रॉनसमृद्ध अवस्था स्थिर होतात.

दोन्ही आयन जटिल असलेली संयुगे
काही क्षारांत धन आणि ऋण असे दोन्ही आयन जटिल असतात. मॅग्नसचा हिरवा क्षार हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यातील एका आयनात प्लॅटिनमला चार अमोनिया जोडलेले असतात, तर दुसऱ्यात चार क्लोराइड. पहिल्याचा अंक क्ष आणि दुसऱ्याचा य मानल्यास संपूर्ण क्षार उदासीन असल्याने क्ष + य − ४ = ० इतकेच समजते. दोन अज्ञातांसाठी हे एकच समीकरण आहे, त्यामुळे केवळ सूत्रावरून उत्तर निश्चित होत नाही. दोन्ही आयनांचे प्रभार अनुक्रमे २+ आणि २− आहेत हे स्वतंत्रपणे ज्ञात असल्याने क्ष = +२ आणि य = +२ असे ठरते.

दोन धातू असलेले आयन
रुथेनियमच्या दोन अणूंना पायराझीन या उदासीन लिगंडाने सांधले आणि प्रत्येक रुथेनियमला पाच अमोनिया जोडलेले असले, तर ५+ प्रभाराचा आयन मिळतो. कॅरोल क्रॉइट्झ आणि हेन्री टाउबे यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन केले. येथे २क्ष = +५, म्हणून क्ष = +२.५. या ठिकाणी अपूर्णांक ही गणनेतील चूक नसते. दोन रुथेनियम अणूंचा तो सरासरी ऑक्सिडीकरण अंक आहे. अशा आयनांना मिश्रसंयुजी म्हणतात.

लिगंडाचा प्रभार अनिश्चित असताना

वरील पद्धत एका गृहीतावर उभी आहे. लिगंडाचा प्रभार आधीच ठाऊक असतो, हे ते गृहीत होय. क्लोराइड, पाणी किंवा अमोनिया यांच्या बाबतीत ते निर्विवाद असते. परंतु नायट्रिक ऑक्साइड, ऑक्सिजन यांसारखे काही लिगंड धातूशी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करू शकतात आणि एकाहून अधिक प्रभारांसह वावरू शकतात. त्यांच्या बाबतीत सूत्रावरून केवळ पर्याय मिळतात. त्यांतील योग्य पर्याय प्रयोगाने निवडावा लागतो.

नायट्रोप्रुसाइड आयनात लोहाला पाच सायनाइड आणि एक नायट्रिक ऑक्साइड जोडलेले असते आणि आयनाचा प्रभार २− असतो. नायट्रिक ऑक्साइडचा प्रभार १+ धरल्यास लोहाचा अंक +२ येतो, ० धरल्यास +३ आणि १− धरल्यास +४. या आयनात एकही अयुग्मित इलेक्ट्रॉन नाही आणि लोह, नायट्रोजन व ऑक्सिजन जवळजवळ एका सरळ रेषेत असतात. म्हणून रूढ वर्णनात नायट्रिक ऑक्साइडचा प्रभार १+ आणि लोहाचा ऑक्सिडीकरण अंक +२ मानला जातो. या आयनाचा सोडियम क्षार अतिउच्च रक्तदाब तातडीने उतरवण्यासाठी औषध म्हणून वापरला जातो.

नायट्रेटच्या तपकिरी वलय परीक्षेत तयार होणारा आयन अधिक वादग्रस्त आहे. त्यात लोहाला पाण्याचे पाच रेणू आणि एक नायट्रिक ऑक्साइड जोडलेले असून आयनाचा प्रभार २+ आहे. अनेक पाठ्यपुस्तकांत नायट्रिक ऑक्साइडचा प्रभार १+ धरून लोहाचा ऑक्सिडीकरण अंक +१ दिलेला असतो. नंतरच्या वर्णपटीय अभ्यासांत मात्र लोह +३ आणि नायट्रिक ऑक्साइड १− हे वर्णन अधिक सुसंगत ठरले. दोन्ही उत्तरांत बेरीज तितकीच बरोबर आहे. वेगळे आहे ते लिगंडाविषयीचे गृहीत.

कोबाल्टच्या दोन अणूंना ऑक्सिजनच्या एका रेणूने सांधलेले दोन आयनही उद्बोधक आहेत. दोन्हींत प्रत्येक कोबाल्टला पाच अमोनिया जोडलेले असतात, पण एकाचा प्रभार ४+ आणि दुसऱ्याचा ५+ असतो. पहिल्यात सेतू पेरॉक्साइड (२−) मानल्यास २क्ष − २ = +४, म्हणून क्ष = +३. दुसऱ्यातही पेरॉक्साइडच मानल्यास क्ष = +३.५ येतो. परंतु दोन ऑक्सिजन अणूंमधील अंतर पहिल्या प्रकारात सुमारे १४७ पिकोमीटर, तर दुसऱ्यात सुमारे १३१ पिकोमीटर असते. हे दुसरे अंतर सुपरऑक्साइडला (१−) साजेसे आहे. मग २क्ष − १ = +५, म्हणून क्ष = +३. म्हणजेच एक इलेक्ट्रॉन गेला तो कोबाल्टमधून नव्हे, तर ऑक्सिजनच्या सेतूमधून.

आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने (आययूपॅक) २०१६ च्या शिफारशींत ऑक्सिडीकरण अवस्थेची व्यापक व्याख्या दिली. तिच्यानुसार भिन्न मूलद्रव्यांच्या अणूंमधील बंध पूर्णपणे आयनिक मानल्यास अणूवर येणारा प्रभार म्हणजे त्याची ऑक्सिडीकरण अवस्था होय. या व्याख्येतील ‘मानल्यास’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ऑक्सिडीकरण अंक हा इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाचा नियम आहे, धातूवरील मोजता येणारा प्रत्यक्ष प्रभार नाही. प्रत्यक्ष बंध अंशतः सहसंयुज असल्याने धातूवरील खरा प्रभार बहुधा ऑक्सिडीकरण अंकापेक्षा बराच कमी असतो.

नामकरणातील वापर

जटिल संयुगाच्या नावात धातूच्या नावापुढे कंसात त्याचा ऑक्सिडीकरण अंक रोमन अंकाने लिहिण्याची पद्धत आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली. दुसऱ्या पद्धतीत कंसात संपूर्ण आयनाचा प्रभार साध्या अंकाने व चिन्हासह लिहिला जातो. ती १९४९ मध्ये इवेन्स आणि बॅसेट यांनी मांडली. त्यामुळे फेरीसायनाइड आयनाचे नाव स्टॉक पद्धतीत हेक्झासायनिडोफेरेट(तीन), तर दुसऱ्या पद्धतीत हेक्झासायनिडोफेरेट(३−) असे होते. येथे अंक योगायोगाने सारखे आहेत. फेरोसायनाइडच्या बाबतीत ते अनुक्रमे दोन आणि ४− असे वेगळे येतात. ऋण जटिल आयनाच्या नावात धातूच्या नावाला ‘एट’ हा प्रत्यय लागतो आणि काही धातूंचे लॅटिन मूळ वापरले जाते, जसे लोहासाठी फेरेट, तांब्यासाठी क्युप्रेट आणि चांदीसाठी अर्जेंटेट.

महत्त्व

संक्रमणी धातूचा ऑक्सिडीकरण अंक समजला, की त्याच्या डी-कक्षकांतील इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते. आवर्त सारणीतील गणाच्या क्रमांकातून ऑक्सिडीकरण अंक वजा केला, की ती संख्या मिळते. लोह गण ८ मध्ये असल्याने फेरोसायनाइडमध्ये ८ − २ = ६ आणि फेरीसायनाइडमध्ये ८ − ३ = ५ डी-इलेक्ट्रॉन असतात. पहिल्यात सर्व इलेक्ट्रॉन युग्मित असल्याने तो प्रतिचुंबकीय आहे. दुसऱ्यात एक इलेक्ट्रॉन अयुग्मित राहत असल्याने तो समचुंबकीय आहे. मात्र चुंबकीय गुणधर्म लिगंडावरही अवलंबून असतात. कोबाल्ट +३ मध्ये नेहमीच सहा डी-इलेक्ट्रॉन असतात, पण सहा अमोनियांसह ते सर्व युग्मित असतात, तर सहा फ्लुओराइडांसह त्यांतील चार अयुग्मित राहतात.

लोहाच्या +२ आणि +३ या अवस्थांमधील फरकावर सायनोटाइप ही छपाईची पद्धतही आधारलेली आहे. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली. कागदावरील लोह +३ च्या क्षाराचे प्रकाशाने लोह +२ मध्ये क्षपण होते. ते फेरीसायनाइडशी संयोग पावून प्रशियन निळा हा रंग देते. इमारतींचे निळे आराखडे याच पद्धतीने काढले जात.

सजीवांच्या दृष्टीने हा फरक जीवन-मरणाचा ठरतो. रक्तातील हिमोग्लोबिनात लोहाचा ऑक्सिडीकरण अंक +२ असताना ते ऑक्सिजनला बांधू शकते. लोहाचे +३ मध्ये ऑक्सिडीकरण झाल्यास मेटहिमोग्लोबिन तयार होते आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मात्र +३ अवस्थेतील लोह सायनाइडला घट्ट बांधते. म्हणून सायनाइडच्या विषबाधेत नायट्राइट देऊन थोडे मेटहिमोग्लोबिन मुद्दाम निर्माण करण्याचा उपचार वापरला गेला आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

• आयनाचा प्रभार हाच धातूचा ऑक्सिडीकरण अंक समजणे. हे केवळ लिगंडांच्या प्रभारांची बेरीज शून्य असतानाच खरे असते.
• कंसातील आणि कंसाबाहेरील क्लोराइडांत गल्लत करणे. आयनाच्या समीकरणात फक्त कंसातील लिगंड धरले जातात.
• समन्वय अंक आणि ऑक्सिडीकरण अंक एकच मानणे. पहिला धातूला जोडलेल्या दाता अणूंची संख्या सांगतो, तर दुसरा इलेक्ट्रॉनांचा हिशेब.
• स्फटिकजलाचा प्रभार मोजण्याचा प्रयत्न करणे. पाणी कंसात असो वा बाहेर, ते उदासीनच असते.
• अपूर्णांक आला म्हणून उत्तर लगेच चुकीचे ठरवणे, किंवा लिगंडाचा प्रभार न तपासता ते लगेच स्वीकारणे.